भाताच्या खोलीपर्यंत वायर

१२ एप्रिल, रविवार
सायलीची रजा संपली. कंपनीने घरून काम करायला हो म्हटलंय, पण नेट नीट हवं. २७ तारखेच्या सोमवारपासून एक तर इथून, नाही तर हिंजवडीला मैत्रिणीच्या खोलीवर. भाकरी थापताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी बरं म्हटलं. नंतर वाटलं, बरं कशाला म्हटलं.

सुमनला जाऊन दोन महिने झाले तरी भेटायला येणारे थांबत नाहीत. परवा सायलीच्या मीटिंगमध्ये पलीकडच्यांना मावशींचं रडणं ऐकू गेलं. सायलीला खाचरापलीकडची, भात साठवायची खोली हवी आहे. तिच्या आईचं, सुमनचं, शिलाई मशीन तिथेच आहे. पण तिथे मोबाइलला रेंज नाही आणि घरातलं वायफाय जेमतेम चिंचेपर्यंत जातं.

वायर मीच टाकतो म्हणालो. का म्हणालो, कळत नाही. जन्मभर लोणावळ्यात कारकुनी केली. घरातला फ्यूजसुद्धा सुमनच बदलायची.

१५, बुध.
लोणावळा. दुकानदार म्हणाला, "काका, शंभर मीटरच्या आत आहे ना? मग बिनधास्त." दोन्ही टोकांना जॅक बसवून दिले.

उघड्या वायरी उंदीर खातात म्हणे. सुमनने वांग्यांसाठी आणलेली ठिबकची काळी नळी पडवीत होती. तिच्यातून वायर न्यायची ठरवलं. जॅक नळीत जाईना. हे आधी का सुचलं नाही? एक कापला.

सा. म्हणाली, "पप्पा, व्हिडिओ बघून करताय ना?" बघतोय. हिंदीत आहे, माणूस फार भरभर बोलतो.

१८, शनि.
सा. एका टोकाला, मी दुसऱ्या. वायर ओढायला नळीत घातलेली सुतळी मधेच अडकली. तिने नळीत साबणाचं पाणी ओतलं. "आईने नाडीसारखी पिन लावून ओवली असती," एवढंच बोलली.

घरापासून बांधापर्यंत वीतभर खोल चर खणून नळी पुरली. वरच्या खाचरात नुसती अंथरली. सरळ, जवळचा रस्ता. तेवढं पुरायचं राहिलं. कंबर धरली.

१९, रवि.
कापलेल्या टोकाला नवा जॅक बसवला. आठ बारीक वायरी, आठ रंग. तिसऱ्या खेपेला जमलं. खोलीत जुना राउटर लावला. दिवे लागले, नेट नाही. दोन राउटर असले की एकाला गप्प बसवावं लागतं, असं व्हिडिओत. कुणाला? आधी घरातल्याला बसवलं, सगळंच बंद. मग उलट केलं.

सा.ने फोन बघितला. "आलं."
उद्या चर पुरा करायचा.

२०, सोम.
सकाळी क्लिपा आणायला लोणावळ्याला. परतलो तर वरच्या खाचरातून धूर. चुलतभाऊ दत्ता कोयता घेऊन उभा, खुशीत. शेण, पाला, गवत पसरून राब भाजला होता. रोपं टाकायची जागा पावसाआधी भाजतात, हे मला माहीत आहे. आपली जागा कुठली, ते माहीत नव्हतं.

"दादा, वैनी दरसाल हितंच भाजायच्या. म्हनलं यंदा कोन करनार, मीच उरकला."
"दत्ता, त्यात वायर होती."
"कसली?"
"नेटची."
"आन् मला वाटलं ठिबकची जुनी नळी." कोयत्याने राख उकरत, "वास लय सुटला हुता. म्हनलं पाला वला आसंल."

रागवायचं कुणावर? चहा दिला. सा. आली, राखेतला काळा गोळा काठीने उचलून बघितला आणि हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

२२, बुध.
सा. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, बहुतेक येतेय. मी ऐकलं हे तिला माहीत नसावं. की ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोलली?

नवी वायर आणली. पण टाकायची कुठून? खाचरात राब, मग पावसात चिखलणीचा नांगर. दत्ताला विचारलं. "मला काय इचारता, शेत वैनींचं."

सा.ने चपला घातल्या. "चला." चिंचेखालून, विहिरीला वळसा, दगडी बांधावरून. केवढा लांबचा रस्ता. "आई इथूनच जायची. इथे नांगर लागत नाही, पाणीही तुंबत नाही." मी कायम खाचरातूनच गेलो.

"वायर पुरेल?" मी विचारलं.
"वायर पुरेल. नेट पोचेल का ते माहीत नाही."

२५, शनि.
सगळी पुरली. दत्ता पहार घेऊन आला होता. "आता हितं मी बिडी बी वडनार न्हाई, दादा." सा. त्याला म्हणाली, "काका, तुम्ही काडेपेटीच इकडे द्या."

नेट येतं, जातं. वळशामुळे वायर शंभर मीटरच्या पुढे गेली असणार, तिथून नेट दमतं. नेटला जोर द्यायला मधे अजून एक डबी लावावी लागते म्हणे. तिलाही वीज लागते. बांधावर वीज कुठून आणू? सा.ला सांगितलं नाही. तिला दिसतच असेल.

२७, सोम.
सकाळी सा.ची बॅग दारात, भरलेली. ती खोलीत, मीटिंगला. मी घरात राउटरसमोर. हिरवा दिवा मधेच लुकलुकतो. ते चांगलं की वाईट?

मग फोन वाजला. व्हिडिओ कॉल, खोलीतून. तिच्यामागे मशीन आणि कणगी.
"पप्पा, दिसतेय का?"
"दिसतेस."
तोंड अर्धं उघडं, चित्र थांबलं. मी फोन तसाच धरून बसलो. परत हललं.
"...राबात कुठलं बी टाकायचं? आईने दोन पिशव्या बांधून ठेवल्यात, नावं नाहीत."
मला माहीत नाही म्हटलं.
"मग दत्ताकाकांना विचारून ठेवा. मी..."

परत थांबलं. या वेळी हललं नाही.

बॅग दारातच आहे. तिला वळसा घालून दत्ताकडे निघालोय.