लाल बादली

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

गेल्या महिन्याभरात घरात आलं ते असं: खाजेच्या मलमाच्या तीन ट्यूबा, प्रत्येकी नव्वद, पावडरीचा डबा, एकशे वीस, आणि एक लाल बादली, एकशे ऐंशी. बादली माझी.

तिची हकीकत लिहायला लाज वाटते, पण तू नर्स, तुझ्यापुढे कसली लाज. ह्यांना जांघेत खाज सुटली आहे. दिवसभर बेकरीच्या भट्टीसमोर उभे असतात आणि घरी आले की घामेजल्या तंग चड्डीतच पेपर वाचत बसतात. बदला म्हटलं की बेकरी तू चालवतेस का, असं विचारतात. मलम दुकानदाराला विचारून आणलेलं. लावलं की चार दिवस बरं, मग दुप्पट.

रविवारी वन्सं आणि ह्यांच्या धाकट्या भावासमोर, म्हणजे भाऊजींसमोर, भरल्या ताटावर हे म्हणाले की हा रोग हिच्यामुळे लागला. वन्संनी तिथेच निकाल दिला: हिची बादली वेगळी, दोरी वेगळी, घरच्या धुण्याला हिने हात लावायचा नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ताई. माझ्या अंगावर डागसुद्धा नाही. भाऊजींनी मान खाली घालून भात कालवला.

देवापुढे बसते, पण तोंडात नाव येत नाही, ते वाक्यच येतं. ही खाज कशाने होते ते सविस्तर लिही. मला औषध नको, उत्तर हवंय.

तुझी माया आहे तोवर मी उभी आहे.

तुझी, धाकटी


दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याला समोर बसवून हे सांगायला हवं होतं. कारणं बरीच असतात. घाम आणि घट्ट कपडा यांनी कातडी सोलवटते. कपडे नीट न खळबळता राहिलेल्या साबणाने होते. खरूज, उवा असतात. रक्तात साखर वाढली तरी होते. काही रोग नवराबायकोत एकमेकांना लागतातही, पण ते तपासल्याशिवाय कोणी बोलू नये. तू लिहितेस त्यावरून मला नायटा वाटतो: कडेला लाल, मध्ये फिकट, गोल पसरत जाणारा. तो ओल्या कपड्यांतून आणि एकमेकांच्या टॉवेलांतून घरभर फिरतो. दुकानातली ती मलमं खाज दाबतात आणि नायटा पोसतात. डॉक्टरला दाखवा, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. हे पत्र त्याला दे.

जिवाला जप.

ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दिलं नाही. तांदळाच्या डब्याखाली आहे.

मी फक्त सांगितलेलं पाळते. माझे कपडे माझ्या बादलीत, गच्चीवरच्या उन्हात. घरचं धुणं वन्सं करतात. एकाच टबात सगळ्यांचं, आणि जिना चढवत नाही म्हणून बोळकांडीत वाळत. तिथे ऊन येतच नाही. दोघे भाऊ एकच टॉवेल वापरतात.

परवापासून भाऊजी फेंगडे चालू लागलेत. काल वन्सं नाडीखाली लाटण्याने खाजवताना दिसल्या. मी विचारलं, काही चावलं का. लाटणं ठेवून उठल्या. लाटणं मी उकळून घेतलं. ह्यांच्या तर मांडीपर्यंत आलंय. मी देवाला दोन वेळा जास्त नमस्कार केला.

तू रागावशील. रागाव, पण प्रेम कमी करू नकोस.

धाकटी


दि. ९ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

रागावले आहेच. अपमान झाला तो खरा, पण औषध ठाऊक असून लपवायचं हे आपल्या आईने शिकवलं नाही. आणि भात कालवला एवढ्यासाठी भाऊजींना शिक्षा? डब्याखालचं पत्र आज काढ. कसं द्यायचं ते तुझं तू ठरव.

ताई


दि. २० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

काढलं. रविवारी, सगळे जेवायला बसल्यावर. म्हटलं, ताईने घरच्यांसाठी लिहिलंय, मला बारीक अक्षर दिसत नाही, तुम्हीच मोठ्याने वाचा. हे वाचू लागले. घट्ट कपड्यापाशी आवाज बसला. तपासल्याशिवाय कोणी बोलू नये, इथे थांबले. वन्सं म्हणाल्या, पुढे वाच. वाचलं. दुकानातल्या मलमापर्यंत वाचलं. मग भाऊजींनी तारीख विचारली. मी सांगितली, फेब्रुवारीची. कोणी घास उचलला नाही. मी पोटभर जेवले.

डॉक्टर नायटाच म्हणाले. तिघांनाही. मला तपासून म्हणाले, तुम्हाला काही नाही, तुम्ही काय वेगळं केलंत? मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनाच सांगावं लागलं, बादलीसकट.

भाऊजींची मी माफी मागितली. ते म्हणाले, वहिनी, मीही मागतो. ह्यांनी अजून मागितलेली नाही. पण घरचं धुणं आता हे करतात, कामावर जायच्या आधी, गरम पाण्यात, आणि गच्चीवर स्वतः वाळत घालतात. काल माझ्या बादलीला हात घातला, म्हणाले, तुझेही कपडे टाक टबात. मी म्हटलं, माझी वेगळी आहे.

डॉक्टरांनी सांगितलंय की खाज थांबल्यावरही दोन आठवडे हे सगळं असंच चालू ठेवायचं. हे दिवस मोजतायत. तुझं अक्षर ते आता फार मानतात. तेवढं दोन आठवड्यांचं दोन महिने करून, सहीनिशी, उलट टपाली पाठव.

धाकटी