पिशवीतले बूट

२६ डिसेंबर, शुक्रवार

ऋषी अजून शुद्धीवर नाही. सकाळी सव्वाआठला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. श्वास मशीनवर. मेंदूला हवा किती वेळ कमी पडली ते नक्की कुणालाच माहीत नाही — चार मिनिटं, सहा मिनिटं. "बहात्तर तास जाऊ द्या." पुण्याला हलवू का, विचारलं. म्हणाले, तिथेही हेच करतील, पण रस्ता त्याला झेपणार नाही.

'प्रकृती चिंताजनक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.' तीस वर्षांत हे वाक्य किती वेळा पाठवलं असेल! तालुक्याच्या वार्ताहराला ते झोपेतही येतं.

आळेफाट्याच्या या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय. काल काय झालं ते क्रमाने लिहितो. क्रम लावल्याशिवाय मला काही समजत नाही, सवयच तशी.

चांगदेवने आपल्या मोडलेल्या द्राक्षबागेत 'हिमनगरी' काढली. नाताळची. कापसाने मढवलेली झाडं, लाल-हिरव्या माळा, आणि मधोमध हवेचं पांढरं घर — मोठ्या पंख्याने फुगवलेलं, आत थर्माकोलच्या गोळ्या गुडघाभर. पोरांनी त्यात लोळायचं, म्हणजे बर्फ. सांता म्हणून खोडदचा गेणभाऊ. मेंढपाळ माणूस, स्वतःचीच बारा मेंढरं घेऊन आलेला. त्यांच्या डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं, याच्या हनुवटीला लोकरीची दाढी. मागच्या शनिवार-रविवारी उद्घाटन झालं, मधले दिवस बंद, काल सुट्टी म्हणून पुन्हा चालू. बिबट्यामुळे पाचला सगळं आवरतात.

मी या हिमनगरीच्या दोन बातम्या लावल्या होत्या, त्यामुळे चांगदेवने चार पास घरी पाठवले. मुलाची, सुदर्शनची, चाकणला शिफ्ट. म्हणून मी, सूनबाई निर्मला आणि दोघं नातवंडं. श्रेया सात वर्षांची. ऋषी पावणेपाच.

"या रं लेकरांनू! सांता आलाय खोडदवरनं!" गेणभाऊ ओरडत होता. ऋषी माझ्या धोतरामागे.

"आप्पा, ह्यो सांता खोटाय. मेंढराचा वास येतोय."

"आरं, मंग सांताच्या गाडीला काय म्हशी जुपत्यात व्हय?" गेणभाऊ म्हणाला. ऋषी इतका हसला की डोक्यावरची लाल टोपी पडली. त्याने ती उचलून पुन्हा कानापर्यंत ओढली.

पांढऱ्या घरात शिरताना बूट बाहेर काढायचे. ऋषीचे बूट नवे. पाऊल टाकलं की टाचेत लाल लाइट लागतो. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेत देवळासमोरून श्रेयाच्या चपला गेल्या होत्या. मी म्हटलं, "बूट माझ्याकडं दे. इथं ठेवलेस तर राहायचे न्हाईत." खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकले. श्रेयाच्या जुन्याच चपला, त्या रांगेत राहू दिल्या.

मग मी आणि निर्मला मांडवातल्या खुर्च्यांवर बसलो. तालुक्याच्या पानाची बातमी दोनच्या आत जावी लागते. मोतीबिंदू झाल्यापासून मी सांगतो, ती मोबाइलवर टाइप करते. एक वीसला बातमी गेली. कार्यक्रम चालू असतानाच तो 'उत्साहात पार पडला' असं लिहायचं — त्यात मला कधी काही वाटलं नाही.

दीडला पंख्याची घरघर थांबली. स्पीकरवरचं गाणं चालूच होतं, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. पांढरं घर हळू — अगदी हळू — खाली बसलं. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. त्यांना तो खेळच वाटला!

चांगदेवची माणसं धावली. दार उचलून धरलं, पोरं ओढून काढली. एकाने बाहेरचे चपला-बुटांचे जोड मोजले. तेरा. पोरं मोजली. तेरा. "समदी आली! समदी आली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रेया धापा टाकत आली. ऋषी कुठंय? "मी त्याला दाराकडं ढकललं, माझ्या आधी." मग तो बाहेरच कुठेतरी असणार. मेंढरांकडे गेला असेल! निर्मला तिकडे पळाली. मेंढरांपलीकडे विहीर. कुणीतरी 'विहीर' म्हटलं आणि सगळा जमाव विहिरीकडे. मीही. काठावर ओणवा होऊन मी त्या हिरव्या पाण्यात बघत होतो.

मागून गेणभाऊचा आवाज. "आरं, हिकडं या! एक कमी हाय. लाल टोपीचं."

"जोड मोजले की, सांता!"

"जोड मोज न्हाईतर काय बी मोज. लाल टोपीचं आत गेलं, भाईर आलं न्हाई."

त्याच्या गोणपाटाच्या झोळीत लोकर कातरायची कातर होती. तिने त्याने ते पांढरं कापड मागच्या कोपऱ्यात फाडलं. ऋषी तिथे होता. तोंडात, नाकात थर्माकोल.

चौदावा जोड माझ्या पिशवीत होता. हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही.


२७ डिसेंबर, शनिवार

बदल नाही. नर्स म्हणाली, ताप नाही हे चांगलं.

ओतूरच्या एका ओळखीच्या माणसाने मोबाइलवर कात्रण पाठवलं. "आप्पा, नातवाचं नाव पेपरात! अभिनंदन!" त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. 'हिमनगरीत चिमुकल्यांनी लुटला बर्फाचा आनंद.' कालच्या अंकात, माझ्या नावाने. शेवटचं वाक्य: 'खूप मज्जा आली, असे ऋषी या चिमुकल्याने सांगितले.'

ऋषीने काहीही सांगितलं नव्हतं. तो आत होता. मी सांगितलं, निर्मलाने टाइप केलं, आणि आम्ही दोघं हसलो होतो. अपघाताची बातमी त्याच अंकात, दुसऱ्या वार्ताहराची. चार ओळी.

बातमी थांबवायला एक फोन पुरला असता. मला आठवलंच नाही.

दुपारी चांगदेव आला. डोळे लाल. खोटं रडत नव्हता तो. "आप्पा, पंख्याला घरची लाइन व्हती. अचानक गेली. माझ्या भावाची पोरगी बी आत व्हती, तिची शप्पत." पोलिसांना जबाबातही त्याने हेच दिलंय. मग हळूच म्हणाला, "तुमी लिवताना 'अचानक' तेवढं लिवा."

मी म्हटलं, "मी काही लिहिणार नाही, चांगदेव. जा तू."

निर्मला भिंतीला टेकून बसली होती. त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही तिने. परवापासून ती चार वाक्यं बोलली असेल.

तिला बुटांचं कळलं की तिचं बोलणं कायमचं बंद होईल. रांगेत ते बूट असते तर मोजणारा चौदा म्हणाला असता. तेवढीच गोष्ट. लाल लाइटवाले बूट — कुणाच्याही आधी दिसले असते.


२८ डिसेंबर, रविवार

बहात्तर तास दीडला पूर्ण झाले. मी आणि सुदर्शन काचेसमोर उभे होतो, जणू दीड वाजता काहीतरी व्हायचंच होतं. काही झालं नाही. सुदर्शन म्हणाला, "आप्पा, घड्याळ बघू नका." तो स्वतः बघतच होता.

पेपरच्या डेस्कवरून फोन. नवा मुलगा, त्याला ठाऊक नसावं. "आप्पा, शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक नाही आलं?" दर रविवारी मीच पाठवतो ते. कुठल्या गावाला मोटारीची लाइट सकाळी, कुठे दुपारी, कुठे रात्री — सोमवारी पाळी बदलते. वायरमन कागदाचा फोटो टाकतो, निर्मला टाइप करते, मी पुढे ढकलतो. किती वर्षं झाली, मी ते वाचतसुद्धा नाही. म्हटलं, या आठवड्यात जमणार नाही रे.

निर्मलाने विचारलं, "कुणाचा फोन?" सांगितलं. ती उठली आणि जिन्याकडे निघून गेली. तासाभराने परत आली.

संध्याकाळी शेजारचे सावळेराम श्रेयाला घेऊन आले. ती घरी जेवत नाही म्हणाले. काचेतून ऋषीला पाहिलं तिने. मग माझ्या कानाशी येऊन:

"आप्पा, ऋषीचे बूट तुमच्याकडंच हायेत ना? हरवले तर न्हाईत?"

"आहेत."

"मंग बरं."

मी पिशवी छातीशी धरून बसलो. धक्का लागला की आत लाइट लागतो, कापडातून लाल दिसतं. बाहेर काढून कुठे ठेवू? घरी नेऊन ठेवायची हिंमत नाही. दाराशी ते दोन बूट, आणि पाय इथे.


२९ डिसेंबर, सोमवार

बदल नाही.


३० डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी आम्हाला तिघांना आत बोलावलं. झोपेचं औषध कमी करत आणलंय. उद्या दहाला तोंडातली नळी काढून बघणार. स्वतःचा श्वास घेतला तर पुढचं पुढे. ओळखेल का, चालेल का, ते नंतर. सुदर्शनने विचारलं, "आणि नाही घेतला तर?" डॉक्टर म्हणाले, "परत नळी घालू. पण मग मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

निर्मलाने फक्त विचारलं, "टोपी घालू का त्याला उद्या?" डॉक्टर म्हणाले, घाला.

मी देवाचं करणारा माणूस नाही. आज भैरवनाथाला नारळ बोललो. लगेच वाटलं, याच देवाच्या दारातून चपला गेल्या नसत्या तर मी ते बूट उचलले नसते! डोकं असंच फिरतंय. सगळ्याचा माग काढत मागे मागे जातं आणि शेवटी माझ्याच खुर्चीखाली येऊन थांबतं.

दुपारी गेणभाऊ आला. दाढीबिढी नाही, खांद्यावर घोंगडी. मी ओळखलंच नाही आधी. पायरीवर उकिडवा बसला. चहा नको म्हणाला.

मी विचारलं, "गेणभाऊ, एवढ्या गर्दीत तुम्हाला कसं कळलं हो?"

"आमी मेंढरं मोजत न्हाई, भाऊ. बघतो. कमी असलं की डोळ्याला टोचतं." मग म्हणाला, "पर उशिरा टोचलं. मेंढरं बुजली व्हती, त्येंच्यामागं गेल्तो. न्हाईतर आधीच..."

हा माणूस स्वतःला दोष देत होता! ज्याने पोराला बाहेर काढलं, तो! माझ्याच्याने राहवलं नाही. पिशवी उघडून बूट दाखवले. सगळं सांगितलं.

त्याने बूट हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"मला कशाला सांगता? सुनंला सांगा की."

"धीर होत नाही."

"मंग काय, पेपरात छापून सांगणार व्हय?" हसला नाही. मीही नाही. घोंगडी सावरून उठला. जाताना काचेशी गेला, आत ऋषीकडे बराच वेळ पाहिलं. बघत होता, मोजत नव्हता.

उद्या दहाच्या आधी निर्मलाला सांगायचं. नळी निघाल्यावर सांगितलं तर, श्वास चालला तर ती माफ करेल म्हणून सांगितल्यासारखं होईल. नाही चालला तर — तेव्हा सांगणं कुठलं होतंय माझ्याने.


३१ डिसेंबर, बुधवार. सकाळी साडेसात

सांगितलं. बूट तिच्या मांडीवर ठेवले. एकाचा लाइट लागला, विझला.

निर्मला बराच वेळ ते टॉवेलच्या टोकाने पुसत राहिली. मग म्हणाली, "लाइट अचानक न्हाई गेली, आप्पा. घरची लाइन गेली असती तर स्पीकर चालू राहिला असता का? पंख्याची वायर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतनं आणलेली. आत शिरताना मी बघितली. आन् मोटारीची लाइट त्या आठवड्यात दीडला जाणार, हे आदल्या रविवारी मीच टाइप केलं व्हतं. वायर बघितल्यावर आठवलं बी मला. म्हटलं, असंल त्यांच्याकडं जनरेटर."

सुदर्शनला अजून माहीत नाही. आम्ही दोघं शेजारी बसलोय.

दहाला नळी काढणार. अकराला हवालदार जबाब घ्यायला येतील. आधी ती सांगणार आहे, मग मी.