ळचं पोट

मंगळवार, संध्याकाळ

नातीची, मुक्ताची, टांगणीला लागलेली हिंजवडीतली नोकरी आज पक्की झाली. मोबाइलसाठी मराठी अक्षरं घडवते ती. परवा तिच्या पडद्यावर बारीक ळ पाहिला आणि राहवलं नाही.

"अगं, याचं पोट मोकळं कर. छापखान्यात शाई नेमकी इथंच भरायची."

"आजोबा, पडद्याला शाई नसते हो!"

तरी केलं तिनं. आज तिच्या मॅडमनी तोच ळ वाखाणला.

छापखाना बंद पडला तेव्हा वाटलं होतं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे हे हात आता कशाला? शाळेच्या पुस्तकातल्या कविता उलट्या खिळ्यांतून पाठ झालेल्या, त्याही वायाच...

आत्ता मुक्तानं त्यातलीच एक आपल्या अक्षरांत पाठवली. चष्म्याशिवाय वाचली. प्रत्येक ळ मोकळा! हात आपोआप जोडले गेले. कुणाला, कोण जाणे.