कुठेच न जाणारी तार

सोमवार, ३ तारीख
आजपासून नोकरी. गॅरेजच्या मागची खोलीही मिळाली, हे पगारापेक्षा मोठं. दोन खिडक्या आहेत, सकाळचं ऊन थेट बाबांच्या खाटेवर येतं. त्यांना एकटं ठेवून मी कुठेच गेले नसते. पेसमेकर बसवून दोन वर्षं झाली. आयुष्यभर लोकांच्या बॅटऱ्या सांभाळल्या, आता पोरीने माझी सांभाळायची, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

मुकादमकाका इथले सर्वांत जुने. मला बघून म्हणाले, मागितला होता इलेक्ट्रिशियन, आली शाळेतली मुलगी. बाबांनी खाटेवरूनच ऐकवलं की तिला मी शिकवलंय, बघालच.

मालकांनी पहिलंच काम दिलं ते अंगणातल्या पांढऱ्या पिकअपचं. तीन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. तीन बॅटऱ्या बदलून झाल्या.

मंगळवार, ४ तारीख
बाबांच्या पद्धतीने केलं. चावी काढली. दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवला, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून मध्ये मीटर लावला आणि चाळीस मिनिटं कशालाही हात लावला नाही. चांगली गाडी उभ्याउभ्या ०.०३ अँपिअर खाते. ही ०.६२ खात होती.

मग एकेक फ्यूज काढायचा, आकडा लिहायचा, फ्यूज परत लावायचा. अठ्ठावीस झाले. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही सोडवून पाहिला. आकडा जागचा हलला नाही.

मुकादमकाका दोनदा डोकावले. म्हणाले, मी दिवसाआड चार्जर लावतो, चाललंय ना, तू कशाला उकरतेस? मला राग आला. चाललंय म्हणजे काय? दोष आहे तर तो सापडलाच पाहिजे.

बुधवार, ५ तारीख
सापडला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक तार थेट निघते, मध्ये फ्यूज नाही. पायाखालच्या रबराखालून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत जाते आणि सीटच्या फोममध्ये संपते. टोकाला उघडं तांबं. दिवा नाही, मोटर नाही, काही नाही.

टोक बाहेर काढलं की आकडा ०.०३. आत खुपसलं की ०.६२. चारदा करून पाहिलं. खरं लिहायचं तर सात वेळा.

बाबा म्हणाले, फोमने ओल धरली असेल. मग त्यांचा नियम ऐकवला: जी तार कुठेच जात नाही तिला गाडीत जागा नाही. मी ती कापून काढली. बाबांनी पाठ थोपटली.

सोमवार, १० तारीख
पिकअप पाच दिवस उभी होती. आज पहिल्या झटक्यात सुरू. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मुकादमकाकांनी कचऱ्यातून तार उचलली, बोटांवर गुंडाळली आणि निघून गेले. जळतात, दुसरं काय.

खोलीतलं घड्याळ बंद पडलंय. सकाळी टॉर्चला घातलेले सेल दुपारी मेले. दुकानदाराशी भांडून बदलून आणले.

बुधवार, १२ तारीख
बदललेलेही गेले. माझ्या मीटरचा सेलही. बाबांचा काट्याचा जुना मीटर काढला, करंट मोजायला त्याला सेल लागत नाही.

बाबा दमलेत. खोलीतल्या खोलीत धाप लागते.

त्यांच्या पायाशी गादीत खळगा पडलाय, कोणी बसल्यासारखा. मी हाताने सारखा केला. भांडी घासून आले तर तिथेच होता.

शुक्रवार, १४ तारीख
दवाखाना. पेसमेकरची बॅटरी मागच्या वेळी आठ वर्षं पुरेल म्हणाले होते. आज म्हणाले, जेमतेम आठवडा. यंत्र सदोष असणार. बदलायला गुरुवारची तारीख मिळाली. बाबा मला म्हणाले, कुठेतरी गळती आहे बाळ, शोध. आणि हसले.

हे सगळं तार कापल्यापासूनच सुरू झालंय, म्हणून मुकादमकाकांना गाठलं. त्यांनी सगळं सांगितलं. पिकअप त्यांचा धाकटा भाऊ चालवायचा. बॅटरी बदल, असं तो सांगत होता, यांनी उद्यावर ढकललं. घाटात, थंडीत गाडी बंद पडली. तिसऱ्या दिवशी तो सीटवर सापडला, हातात चावी. त्यानंतर यांच्या घरातला एकही सेल टिकेना. म्हणून यांनी ती तार सीटपर्यंत नेली. तिथे मिळत होतं तोवर तो दुसरीकडे गेला नाही.

मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुला सापडेल असं वाटलं नव्हतं, पोरी. एवढं चांगलं शिकवलं असेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १५ तारीख
काकांकडून तार घेऊन परत जोडली. तीच जागा, तेवढीच खोल. तारेतच लावलेल्या मीटरचा काटा शून्यावर. सीट थंडगार. तिथे आता कोणी नाही.

दुपारी
बॅटरी खोलीत आणली. चार्जर लावून ठेवला. तारेचं टोक गादीतल्या खळग्यात — ०.६२. पितोय. इथे पितोय. बाबांचा श्वास मोकळा झाला. डोळे न उघडता म्हणाले, जोड सैल वाटतोय, आवळ. आवळला.

गुरुवारपर्यंत. फक्त गुरुवारपर्यंत —

चार वाजता
०.५०
बॅटरी भरलेली आहे. जोड घट्ट. तार कुठे तुटलेली —
०.३१

खळगा सरकलाय. बाबांच्या छातीकडे. मी टोक त्याच्यामागे नेतेय, तो पुढे —

बाबांनी शिकवल्यासारखंच केलं, सगळं नीट —

काटा शून्य. बॅटरी पूर्ण भरलेली आणि काटा शून्य. म्हणजे तो आता —