हळद वजा जाता

१ जानेवारी १९९९
संकल्प: यंदा पेपर लिहायचाच. विषय: नवजात बाळाची कावीळ रक्त न काढता नुसत्या नजरेने ओळखणे. बोटाने कातडी दाबायची, पिवळेपणा कुठवर उतरलाय ते बघायचं. चेहऱ्यापुरता असेल तर किरकोळ, तळपायापर्यंत गेला तर गंभीर. पडताळणीला युजीनच्या लॅबचा रिपोर्ट. पापडी गावात इतकी वर्षं बाळंच बघतोय. नजर तयार आहे. जूनमध्ये मुंबईच्या परिषदेत वाचणार. सूट शिवायला टाकला.

१९ जानेवारी
जयवंतीचं बाळ तळपायापर्यंत पिवळं. गंभीर, म्हटलं. ताबडतोब निळ्या दिव्याखाली. घरात रडारड. रिपोर्ट आला: कावीळ नावालाही नाही. आजीने मालिश करताना हळद चोळली होती. हे मला कोणी सांगायचं? सगळी पापडी हसतेय. युजीन रस्त्यात विचारतो, डॉक्टर, आज आमटी पिवळी झाली की कावीळ? माणसं हलकट असतात.

२० जानेवारी
चूक नजरेची नाही, हळदीची. नवा नियम: आधी हळद वजा करायची.

११ फेब्रुवारी
पाचूबंदरच्या रोझलीनचा मुलगा, चार दिवसांचा. पायापर्यंत पिवळा. या वेळी फसणार नाही. तिची आई म्हणाली, आमी हलद लावली नाय. असं सगळ्याच म्हणतात. स्पिरिटच्या कापसाने पुसून बघितलं. कापसावर काही आलं नाही. म्हणजे मुरलीय. रोझलीन म्हणाली, रक्त तपासा ना. युजीनला पुन्हा हसायला देऊ? कोवळं ऊन दाखवा सांगून घरी पाठवलं.

१३ फेब्रुवारी
पुन्हा घेऊन आल्या. दूध ओढत नाही, रडत नाही, झोपूनच असतो म्हणे. नोंद केली: शांत बाळ.

१४ फेब्रुवारी
पहाटे झटके आले. मला न विचारता मुंबईला नेलं. कावीळ मेंदूपर्यंत गेली म्हणे, तिथे सगळं रक्त बदललं. मोठ्या हॉस्पिटलातल्या पोरांना मशिनशिवाय काही सुचत नाही.

२ मार्च
बाळ वाचलं, घरी आलं. मी सांगतच होतो. पण झोप लागत नाही. ॲसिडिटी.

१२ जून
पेपर नाकारला. केसेस कमी म्हणे. खरं कारण: गावातला डॉक्टर. सूट कपाटात.

२८ डिसेंबर
पापडीत लग्न. नवरा माझा जुना पेशंट. बायको मनोरमा म्हणाली, नवरी पाचूबंदरची आहे, जाऊ नका. का? मी काय तोंड लपवायचं? गेलो. रोझलीन होती, कडेवर तेच बाळ, गॅब्रिएल. गुटगुटीत. माझ्याकडे बघून हसलासुद्धा. चर्चच्या अंगणात ब्रास बँड सुरू झाला तशी लहान पोरं दचकून रडायला लागली. हा नाही. मी म्हटलं, बघ, शांत बाळ. रोझलीनने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

माझे हात गार पडले. डिसेंबरचा गारठा. बँड थांबल्यावर त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मग जोरात वाजवली. अंगणातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. गॅब्रिएल सोडून.