खिंडीत कटणारा कॉल

३ नोव्हेंबर, सोमवार
नवीन काम मिळालं. भोकरदन-धावडा रोडवर, धावड्याच्या अलीकडं जी खिंड आहे, तिथं सगळ्यांचे फोन कटतात. साहेब म्हणाले, सोमेश्वर, तू तिकडचाच आहेस, तूच बघ. म्हणलं, आठ दिवसांत करतो. खरं तर चार दिवसांचं काम आहे, पण आठ सांगितले की इज्जत राहते.

प्रॉब्लेम सोपा. आजकाल फोन एका वेळी दोन टॉवर धरतो. एक फोर-जीचा, तो मालक. दुसरा फाइव्ह-जीचा, तो जोडीदार. खिंडीत भोकरदनचा मालक सोडून धावड्याचा धरायचा असतो, याला हँडओव्हर म्हणतात. पण फोनला जोडीदार सोडवत नाही. दोन डगरींवर पाय ठेवतो आणि मधल्या मधी पडतो.

वंदना म्हणाली, एवढं जातच आहात तर धावड्याला बाबांकडं चक्कर मारा, आईंच्या तेराव्यानंतर तुम्ही गावात पाऊल टाकलेलं नाही. बायकोला कसं सांगावं. टेस्टिंगचा रूट खिंडीत संपतो. पुढचा एरिया दुसऱ्या टीमचा.

४ नोव्हेंबर
टेस्टसाठी पलीकडं कुणीतरी फोन कानाला धरून बसायला लागतं. ऑफिसच्या दुसऱ्या फोनची बॅटरी फुगली. म्हणून बाबांना लावला. आईचाच फोन, आता ते वापरतात. सांगितलं, काही बोलायचं नाही, नुसता धरून बसा. म्हणाले, बराबर. मी म्यूटवर. टेस्टमध्ये बोलत नसतात. बघा, वंदना म्हणते मी बाबांच्या टचमध्ये नाही.

खिंडीत खरखर झाली आणि कॉल कटला. कटायच्या आधी एक बाई बोलली. आलास का खिंडीत, मंग… एवढंच.

आवाज आईसारखा वाटला. क्रॉस कनेक्शन असणार.

नागसेन, आमचा ड्रायव्हर, म्हणाला, मला काही ऐकू आलं न्हाई. त्याचं लक्ष रोडवर होतं. असलंच पाहिजे.

६ नोव्हेंबर
पुन्हा तेच. तीच बाई, तेवढंच वाक्य. बाबांना परत फोन लावून विचारलं, घरात कोण आलंय. म्हणाले, इथं कोण येणार.

मी घाबरत नाही. अंगावर काटा आला तो एसीमुळं. नागसेन म्हणतो, एसी दसऱ्यापासून बंद आहे. हा माणूस फार बोलतो.

आई होती तेव्हाही मी राउंडवरून तिला फोन करायचो आणि इथंच कटायचा. पुढचं तिचं बोलणं मी कधी ऐकलंच नाही. म्हणायचो, आई, पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो. तेव्हा बजेट नव्हतं. कागदोपत्री दाखवू शकतो.

१० नोव्हेंबर, सकाळ
उपाय सापडला. खिंडीच्या आधीच जोडीदाराला सोडायचं, मंग मालक बदलायचा, मंग नवीन जोडीदार. कॉल कटणार नाही. कॉल कटला नाही की बाई पण बोलणार नाही. एका दगडात दोन पक्षी.

येत्या रविवारी धावड्याला जायचं आणि बाबांना जालन्याला, मस्तगडला आपल्याकडं घेऊन यायचं. पक्कं. लिहून ठेवतोय म्हणजे बिलकुल पक्कं.

१६ नोव्हेंबर, रविवार
धावडा कॅन्सल. टायर नरम वाटलं. नागसेनला फोटो पाठवला, तो म्हणाला, हवा बराबर आहे. फोटोत हवा दिसते का?

वंदनानं बाबांसाठी केलेले लाडू परत डब्यात भरले.  

१९ नोव्हेंबर
नवीन सेटिंग लागली. दिवसभर खिंडीत वर-खाली केलं, एकही कॉल कटला नाही. खरखर सुद्धा नाही. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला. मी जिंकलो.

बाई बोलली नाही. भोकरदन येईपर्यंत फोन कानालाच धरून होतो. टेस्ट म्हणून.

२१ नोव्हेंबर
बाबांनी स्वतः फोन केला. विचारलं, खिंडीकडं येणं सोडलंस का रे. म्हणलं, रोजच येतो. म्हणाले, आता कटत न्हाई, मंग आम्हाला कळावं कसं?

मंग सांगत बसले. खरखर सुरू झाली की आई ओळखायची, पोरगा खिंडीत आला. फोन कटला की चुलीवर तवा टाकायची. दोन भाकरी जास्तीच्या. खिंडीतून गाव समोर दिसतं, इथवर आलेला माणूस परत कशाला जाईल, असा तिचा हिशोब. मी यायचो नाही. मंग म्हणायची, काम निघालं असंल, आणि भाकरी गायीपुढं टाकायची. बाबा म्हणाले, तू परत फोन लावायला लागलास तवापासून मीबी तवा टाकून राह्यलो. माझ्या भाकरी वाकड्या होतात, पण होतात.

हा निव्वळ टेक्निकल गैरसमज आहे. कॉल कटणं म्हणजे माणूस येणं नव्हे. आईला तेव्हाच समजावून सांगायला पाहिजे होतं.

रात्री जेवलो नाही. ॲसिडिटी.

२४ नोव्हेंबर
साहेबांना म्हणलं, खिंडीत जुनी सेटिंग परत लावू. त्यांनी कारण विचारलं. म्हणलं, टेक्निकल. साहेब म्हणाले, रिपोर्टात सगळं हिरवं झालंय, आता त्याला हात लावशील तर बघ.

त्या घरात आई नाही, एवढंच मला बघवत नाही. हे वाक्य नंतर खोडायचं.

२५ नोव्हेंबर, दुपार
खिंड. नागसेनला गाडी बाजूला घ्यायला लावली. बाबांना फोन लावला आणि थोड्या वेळानं बटण दाबून मीच कट केला. वाटलं, तेवढंच त्यांना बरं.

लगेच त्यांचा फोन आला. म्हणाले, हे तू कट केलंस. पहिलं कटायच्या आधी खरखर व्हायची. मी म्हणलं, नेटवर्क आहे बाबा. म्हणाले, बरं, नेटवर्क.

मंग म्हणाले, आलास का खिंडीत, मंग ये की जेवायला, तवा टाकलाय.

तर ते वाक्य एवढंच होतं.

आता हे गाडीत बसून लिहून राह्यलो. फोन मांडीवर आहे, चालूच आहे. मी उत्तर दिलेलं नाही. इथं फोन आपोआप कटतो, तेवढं थांबावं म्हणलं. बाबांनी पण ठेवला नाही, बाजूला ठेवून कामाला लागलेत. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतोय, एका लयीत. वाकडी भाकरी थापणाऱ्याचा हात असा चालत नाही.

नागसेननं इंजिन बंद केलं. विचारतो, साहेब, कुणीकडं घेऊ?

सिग्नल फुल आहे. कॉल काही कटत न्हाई.