निळ्या ठिपक्यांचा अर्ज

सोमवार, ३ मार्च

नाही म्हणायचं ठरवून गेले होते, हो म्हणून आले!

साहेबांनी पत्रक पुढ्यात टाकलं. (आमचे विभागप्रमुख. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तरी साहेबच.) कर्करोगाच्या संशोधनासाठी पायलट निधी, छोट्या प्रयोगापुरता. अट अशी की आजवर कधीच एकत्र काम न केलेल्या दोन विभागांनी मिळून अर्ज करायचा. "तुमच्याकडे तीस वर्षांच्या स्लाइड्स, गणित विभागाकडे यंत्राला शिकवणारी एक मुलगी. लावून टाकू जोडी!" — जणू लग्नच जमवत होते.

घरी सांगितलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पायलट? या वयात विमान चालवणार तू?" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

निवृत्तीला चौदा महिने उरलेत. त्यानंतर माझ्या स्लाइड्सचं, गाठींचे पातळ काप लावलेल्या त्या काचांचं काय, हे कुणी विचारत नाही. तळघरातली ती कपाटं हलवून जागा रिकामी हवी आहे, एवढं मात्र सगळे सांगतात. निधी मिळाला तर स्लाइड्स राहतील. नाहीतर काच म्हणून भंगारात.

म्हणून हो म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च

गणितवाली आली. तिशीची असेल. खांद्याला भली मोठी पिशवी, बोलणं भरभर. आमचा प्रश्न तिला समजावून सांगितला — स्तनातली छोटी गाठ काढली, सगळं ठीक झालं. तरी काहीजणींचा आजार पाच वर्षांत उलटतो. का? पहिल्याच स्लाइडमध्ये त्याची काही खूण असेल का? असली तर तिच्या यंत्राला, म्हणजे संगणकाला, ती दिसेल का?

"मॅडम, खरं सांगू? मी पेशी कधी बघितलीच नाहीये. फक्त आकडे."

दोघींना एकाच वेळी बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर तिला समोर बसवलं. जांभळं, गुलाबी, मधेच पांढऱ्या वाटा. डोळा भिंगावरून न हलवता ती म्हणाली, "हे... आपल्या आत असतं?"

मला शाळेतल्या सिस्टर आठवल्या. कांद्याचा पापुद्रा, पितळी मायक्रोस्कोप, आम्ही अकरा वर्षांच्या बावीस मुली रांगेत. त्यांच्या झग्याला कापराचा वास यायचा. पुढची मुलगी वाकली की त्या हलकेच म्हणायच्या, "सावकाश. इथे आपण पाहुण्या आहोत." इतकी वर्षं झाली, अजून भिंगाशी वाकताना मी आधी पदर सावरते. पाहुण्यासारखी.

शुक्रवार, १४ मार्च

सहाशे चाळीस स्लाइड्स निवडल्या. स्कॅनिंग चालू. पाठ गेली.

बुधवार, १९ मार्च

चौऱ्याण्णव!!

यंत्रानं कधीही न पाहिलेल्या शंभर स्लाइड्स त्याला दाखवल्या. कुणाचा आजार उलटला, कुणाचा नाही — चौऱ्याण्णव बरोबर. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नास बरोबर आले असते, असं गणितवाली सांगते. पण चौऱ्याण्णव! तीस वर्षं मी रोज ज्या दारावरून गेले, ते यंत्रानं आठवड्यात उघडलं. हेवा वाटायला हवा होता. वाटला नाही. देवळात शिरल्यासारखं वाटलं.

घरी येऊन ह्यांना आकडा सांगितला. "शंभरापैकी? मग सहा मार्क कुठे गेले?" म्हणाले. शिक्षक तो शिक्षकच!

शुक्रवार, २१ मार्च

यंत्र स्लाइडवर नेमकं कुठे बघतं, हे रंगानं दाखवता येतं म्हणे. जिथे जास्त लक्ष, तिथे लाल. गणितवालीनं पडद्यावर एकेक स्लाइड उघडून दाखवली. लाल रंग गाठीवर नाहीच! कडेला कुठेतरी. कधी तर जिथे पेशीच नाहीत अशा कोऱ्या काचेवर.

"मॅडम, इथे काय असतं?"

मूळ स्लाइड काढून उजेडात धरली. निळा ठिपका.

माझाच.

आम्हा स्लाइड वाचणाऱ्यांची सवय आहे ती. भिंगाखाली एखाद्या जागी परत यायचं असेल तर काचेवर मार्करनं ठिपका द्यायचा. मी निळा देते. आजार उलटला की त्या बाईची जुनी स्लाइड परत बाहेर निघते, परत तपासली जाते, परत ठिपका. म्हणजे ज्यांचा उलटला त्यांच्याच काचांवर ठिपके जास्त. यंत्र पेशी वाचतच नव्हतं. ते माझी शाई वाचत होतं!

स्कॅन करण्याआधी काचा पुसायच्या, एवढं साधं मला सुचलं नाही. इतक्या वर्षांत ते ठिपके मला दिसेनासेच झाले होते. आपल्याच घरातला कोपऱ्यातला डाग दिसत नाही तसे.

गणितवाली हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

सोमवार, २४ मार्च

साहेब म्हणतात, "चौऱ्याण्णवच लिहा. यंत्रानं तेवढे सांगितले की नाही? सांगितले. मग खोटं काय त्यात? समिती काय कपाटं उघडून बघणार आहे?"

गणितवालीनं माझ्याकडे पाहिलं. तिची नोकरी जूनअखेरपर्यंतच आहे. निधी आला तर पुढे.

आणि मी काय म्हणाले? "उद्या सांगते."

लाज वाटते लिहिताना. उद्या!

मंगळवार, २५ मार्च

सकाळी लवकर गेले. तळघरात दिवा चालू. गणितवाली जमिनीवर बैठक मारून बसलेली, हातात कापूस, शेजारी स्पिरिटची बाटली. एकेक स्लाइड पुसत होती.

"अगं, मी अजून काही ठरवलंसुद्धा नव्हतं!"

"मला माहीत होतं तुम्ही काय ठरवणार ते."

"आणि नसतं ठरवलं तर?"

"तर तुमच्याशी भांडले असते. पण आधी पुसून घेतल्या असत्या."

मी पदर खोचला आणि बसले शेजारी. थोड्या वेळानं काका आले — पस्तीस वर्षं हे तळघर सांभाळणारे. आम्हाला बघून कपाळावर हात मारला. "मॅडम, ही काय धुणी-भांडी काढलीत?" मग बाह्या सरसावून तेही बसले. जुन्या स्कॅनमध्ये ठिपके जसेच्या तसे राहिलेत; आता नवीन स्कॅन, कोऱ्या काचांचे.

शनिवार, २९ मार्च

अडुसष्ट.

सोमवार, ३१ मार्च

पाठवला अर्ज. शेवटच्या दिवशी, दुपारी. पान चारवर ठिपक्यांची सगळी हकिगत, चौऱ्याण्णवचा आकडा आणि त्याच्याखाली अडुसष्टचा. साहेबांनी सही केली. पेन मात्र असं आपटलं की टोपण उडून टेबलाखाली गेलं.

ओणवी होऊन मीच शोधून दिलं.

गुरुवार, १५ मे

मुलाखत झाली. पाच जण समोर. चौघांनी यंत्राबद्दल विचारलं, गणितवालीनं फडाफड उत्तरं दिली. पाचव्या एक वृद्ध डॉक्टरीणबाई, कानाला श्रवणयंत्र, पुढ्यात आमचं पान चार. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही ठिपका देता तो नेमका कशावर?"

"नजर अडते तिथे."

"म्हणजे वाईट पेशी दिसतात?"

"नाही. वाईट दिसल्या तर अहवालातच लिहिते. इथे लिहिण्यासारखं काही नसतं. पेशी नियमाप्रमाणे ठीकच असतात. पण नजर पुढे जात नाही."

त्या पुढे झुकल्या. "मग यातले काही ठिपके पहिल्याच दिवशीचे असतील. आजार उलटायच्या कितीतरी आधीचे. ते वेगळे काढता येतील?"

मी नाही म्हणाले. शाईवर तारीख नसते.

परत येऊन काकांना सांगितलं तर ते चिडलेच. "नाही कसं? स्लाइड एकदा कपाटात गेली की माझ्या वहीत सही केल्याशिवाय बाहेर येत नाही. साहेब असो नाहीतर साहेबांचा बाप! वहीत नोंद नाही म्हणजे ती परत निघालीच नाही. तिच्यावरचा ठिपका पहिल्या दिवसाचाच."

मी तिथल्या तिथे पहिली वही मागून घेतली.

मंगळवार, २७ मे

समितीला कळवलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, मोजून पाठवा, मग निकाल.

बारा दिवस झाले, वह्या आणि काचा जुळवतोय. काका नोंदी वाचतात, मी टिपते, गणितवाली जुने स्कॅन उघडते. सहाशे चाळीसपैकी, कपाटात गेल्यावर या मार्चपर्यंत परत कधीच न निघालेल्या स्लाइड्स दोनशे बारा भरल्या. त्या बायकांपैकी बऱ्याचजणी दुसऱ्या गावी राहायला गेल्या, पुढचे उपचार तिकडेच. पण तिकडच्या दवाखान्यांची पत्रं आमच्याकडे येत राहिली, त्यामुळे कुणाचं काय झालं ते कळतं.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी विचारलं, "का गं, घास हातातच?" काय सांगू? आपलाच हात अनोळखी वाटायला लागलाय.

मंगळवार, १० जून

मोजणी संपली. दोनशे बारांपैकी एकेचाळीस काचांवर ठिपका. त्या एकेचाळीसपैकी एकोणतीस जणींचा आजार उलटला. ठिपका नसलेल्या एकशे एकाहत्तर जणींपैकी फक्त बारा जणींचा. गणितवालीनं तीनदा मोजलं. मग पेन खाली ठेवून माझ्या हाताकडे बघत राहिली.

आकडे दुपारीच समितीला पाठवले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. "बाई, एकही स्लाइड टाकू नका. मंजुरीचं पत्र मागाहून येईल. यंत्राला आता तुमची नजर कुठे अडली तेच शिकवायचं."

काकांना सांगितलं, कपाटं राहणार. ते कपाटाला कुलूप लावत होते, तसेच टेकले त्याला.

ते एकोणतीस अहवाल काढून पाहिले. सगळ्यांवर माझी सही. ठिपक्याबद्दल एकाही अहवालात एक शब्द नाही.